प्रसूतिसमयी बाळाच्या हृदयाचे ठोके : अर्ध्या तासाच्या नोंदीचे मोल

मुळा आणि पवना या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले दापोडी हे पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्याचे पुण्याच्या बाजूचे प्रवेशद्वार होय. राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आणि सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे हे नाव महाराष्ट्रभर परिचित आहे. पुणे-मुंबई महामार्ग, लोकल गाडी आणि २०२३ पासून मेट्रो अशा तिन्ही मार्गांनी हा परिसर शहराशी जोडलेला आहे. पिंपरी, भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांत पाळीने काम करणारी अनेक कुटुंबे येथे व आसपासच्या वस्त्यांत राहतात. त्यांतील कित्येकांचे मूळ गाव मराठवाड्यात, विदर्भात किंवा परराज्यात आहे. घरात वडीलधारी स्त्री नाही, पती रात्रपाळीला, शेजार नवा, अशा परिस्थितीत येथील अनेक तरुण मातांना प्रसूतीच्या वेदना सुरू होतात.

तरीही या मातांना रुग्णालय दूर नाही. संत तुकारामनगर येथील महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंध येथील जिल्हा रुग्णालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय ही सर्व दापोडीपासून वाहनाने गाठण्याजोगी आहेत. राज्याचे चित्रही याच दिशेने बदलले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील ६४.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होत असत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर पोहोचले. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम, आशा स्वयंसेविकांचे परिश्रम आणि रुग्णवाहिकांची सोय यांचा या यशात मोठा वाटा आहे.

परंतु माता रुग्णालयाच्या दारात पोहोचली म्हणजे बाळ सुखरूप जन्मले, असे नव्हे. त्याच पाहणीनुसार राज्यात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६.५ बालके जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत दगावतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे १९ लाख बालके मृतावस्थेत जन्माला आली. त्यांतील ४० टक्क्यांहून अधिक बालकांचा मृत्यू प्रसूतिवेदना सुरू झाल्यानंतर ओढवला. म्हणजे वेदना सुरू झाल्या त्या वेळी ती बालके जिवंत होती. पूर्वी प्रश्न मातेला रुग्णालयात कसे आणावयाचे हा होता. आता प्रश्न आहे तो प्रसूतिकक्षातील त्या सहा-आठ तासांत बाळाकडे कोणाचे लक्ष असते हा. त्याचे पहिले उत्तर अगदी साधे आहे. दर अर्ध्या तासाने कोणीतरी बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकले पाहिजेत, ते लिहून ठेवले पाहिजेत आणि त्यांत बिघाड दिसल्यास तत्काळ हालचाल केली पाहिजे.

कळ येते तेव्हा

गर्भातील बाळ फुप्फुसाने श्वास घेत नाही. त्याला लागणारा प्राणवायू मातेच्या रक्तातून वारेमध्ये व वारेतून नाळेवाटे मिळतो. प्रसूतीची कळ येते तेव्हा गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि त्यांतून वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या काही काळ दाबल्या जातात. तेवढ्या वेळेपुरता बाळाचा प्राणवायूचा पुरवठा घटतो. कळ ओसरली की रक्तप्रवाह पूर्ववत होतो. निरोगी बाळाजवळ एवढी शिल्लक असते, की कळ सोसून पुढच्या कळेपूर्वी ते पुन्हा सावरते. निसर्गाने ही व्यवस्था केलेली आहे, म्हणूनच बहुसंख्य प्रसूती निर्विघ्न पार पडतात.

अडचण उद्भवते ती ही शिल्लक कमी असते किंवा सावरण्यास अवधी मिळत नाही तेव्हा. मातेचा रक्तदाब वाढलेला असणे, बाळाची वाढ खुंटलेली असणे, दिवस उलटून जाणे, नाळ गळ्याभोवती किंवा डोक्याखाली दाबली जाणे, वार अकाली सुटणे, मातेला ताप असणे ही त्याची काही कारणे होत. कळा वाढविण्यासाठी दिले जाणारे ऑक्सिटोसिन हे औषध प्रमाणाबाहेर गेले तर दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागतात. मग दोन कळांमधील विसाव्याचा काळच उरत नाही. योग्य हाती हे औषध उपकारक आहे. परंतु ठोके न ऐकता, ठिबकेचे थेंब न मोजता ते देणे बाळाच्या जिवावर बेतू शकते.

प्राणवायू कमी पडू लागला की बाळाचे हृदय त्याची वर्दी देते. सर्वसाधारण बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात. ठोके सतत १६० च्या वर जाणे किंवा ११० च्या खाली येणे हा इशारा होय. कळेच्या शिखरानंतर ठोके मंदावून कळ संपल्यावरही काही काळ मंदच राहणे, आणि असे प्रत्येक कळेगणिक घडणे, हा त्याहून गंभीर इशारा होय. बाळाला अन्य कोणत्याही मार्गाने आपली व्यथा सांगता येत नाही. पाणमोट फुटल्यावर हिरवट-काळपट पाणी दिसणे ही दुसरी खूण आहे. परंतु ती प्रत्येक वेळी दिसतेच असे नाही.

कानापासून यंत्रापर्यंत

गर्भातील बाळाचे हृदय ऐकता येते हे ज्ञान दोनशे वर्षांहून थोडे अधिक जुने आहे. फ्रान्समध्ये रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधून काढला. १८१८ मध्ये जिनिव्हा येथील शल्यवैद्य फ्रांस्वा मेयॉर यांनी मातेच्या पोटाला कान लावून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकता येतात असे नमूद केले. १८२१ मध्ये केरगाराडेक हे फ्रेंच वैद्य गर्भजलाचा आवाज ऐकण्याचा प्रयत्न करीत असता त्यांना घड्याळाच्या टिकटिकीसारखे जलद ठोके ऐकू आले. या ठोक्यांवरून बाळाच्या प्रकृतीचा अंदाज बांधता येईल, ही कल्पना त्यांनी मांडली. १८९५ मध्ये अडॉल्फ पिनार यांनी कर्ण्याच्या आकाराची श्रवणनळी तयार केली. लाकडाची किंवा धातूची ही नळी आजही अनेक देशांत वापरात आहे. तिला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या कालखंडातील एक घटना स्मरणात ठेवण्याजोगी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पहिले अपत्य जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावले. त्या दुःखातून त्यांना वैद्यकीय शिक्षणाची प्रेरणा मिळाली. १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे त्यांनी पदवी संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या मातांची सेवा करण्याचा संकल्प त्यांनी सोडला होता, त्यांच्यासाठी आज साधने विपुल आहेत. उणीव असेल तर ती साधनांच्या नियमित वापराची.

विसाव्या शतकात ध्वनितरंगांवर आधारलेले डॉपलर उपकरण आले. हातात मावणारे हे उपकरण पोटावर ठेवले असता बाळाच्या हृदयाची हालचाल आवाजाच्या रूपाने सर्वांना ऐकू येते. मातेलाही आपल्या बाळाचे ठोके ऐकता येत असल्याने तिला धीर मिळतो. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड हॉन यांनी, त्यानंतर उरुग्वे व जर्मनी येथील शास्त्रज्ञांनी, बाळाचे ठोके आणि मातेच्या कळा कागदी पट्टीवर अखंड नोंदविणारी यंत्रे विकसित केली. आपल्या रुग्णालयांत ही यंत्रे सीटीजी किंवा एनएसटी यंत्र या नावाने ओळखली जातात.

ऐकण्याची रीत

ठोके ऐकण्याचे काम साधे असले तरी त्याची एक शिस्त आहे. प्रथम पोट चाचपून बाळाचे डोके कोठे व पाठ कोणत्या बाजूला आहे हे ठरवावे लागते. ठोके पाठीच्या बाजूने अधिक स्पष्ट ऐकू येतात. डोके खाली असेल तर ते सामान्यतः बेंबीच्या खालच्या बाजूस, पायाळू बाळ असेल तर बेंबीच्या वरच्या बाजूस मिळतात. त्याच वेळी दुसऱ्या हाताने मातेची नाडी पाहणे अगत्याचे आहे. घाबरलेल्या किंवा ताप आलेल्या मातेची नाडीही वेगाने चालते आणि डॉपलरमधून तिच्याच रक्तवाहिनीचा आवाज ऐकून तो बाळाचा आहे असा गैरसमज होऊ शकतो. क्वचित प्रसंगी बाळ गर्भातच दगावलेले असताना मातेचे ठोके बाळाचे म्हणून नोंदले जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार प्रत्येक वेळी निदान एक मिनिट ठोके ऐकावेत. कळ चालू असताना ऐकण्यास प्रारंभ करून ती ओसरल्यानंतर किमान ३० सेकंद ऐकणे चालू ठेवावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय सोयीची खरी. परंतु कळेनंतर मंदावलेले ठोके या पद्धतीत निसटून जातात. निरोगी मातेच्या बाबतीत पहिल्या अवस्थेत दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाळ खाली सरकून माता जोर देऊ लागल्यावर दर ५ मिनिटांनी ठोके ऐकावयाचे असतात. आपल्याकडील मार्गदर्शक सूचनांतही पहिल्या अवस्थेसाठी अर्ध्या तासाचा नियम आहे.

ऐकलेले ठोके पार्टोग्राफ नावाच्या एका पानी आलेखात नोंदविले जातात. १९७२ मध्ये तत्कालीन ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी या आलेखात इशारा-रेषा व कृती-रेषा यांची भर घातली. तेथील परिस्थिती आपल्यासारखीच होती. दूरच्या केंद्रात केवळ प्रसाविका असे आणि शस्त्रक्रियेची सोय कित्येक मैलांवर असे. रुग्णाला केव्हा पुढे पाठवावे हे प्रसाविकेला वेळीच कळावे, हा त्या रेषांचा उद्देश होता. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आलेखाची सुधारित आवृत्ती प्रसृत केली. तीत ठोक्यांबरोबरच मातेजवळ सोबतीण आहे काय, तिला पाणी मिळाले काय, याचीही नोंद करावयाची असते.

एका रात्रीची नोंद

या आलेखाचे मोल एका नमुन्यावरून समजून घेता येईल. समजा, दापोडीतील एक पहिलटकरीण रात्री साडेदहा वाजता प्रसूतिगृहात दाखल झाली. अकरा वाजता बाळाचे ठोके १३६ भरले. साडेअकराला १३८, बाराला पुन्हा १३६. साडेबाराला १४४, एक वाजता १५०, दीड वाजता १५८. यांतील एकही आकडा ११० ते १६० या मर्यादेबाहेरचा नाही. सुटा सुटा आकडा पाहणाऱ्यास सर्व काही ठीक वाटेल. परंतु बारापासूनचे चार आकडे एका ओळीत पाहिले असता ठोके सतत चढत असल्याचे ध्यानात येते. बाळ श्रमू लागले असण्याचा हा संभव आहे. दक्ष परिचारिका येथेच मातेचा ताप व नाडी पाहील, डॉक्टरांना कळवील आणि पुढील नोंद अर्ध्या तासाने न घेता पाच-दहा मिनिटांनी घेईल.

पावणेदोन वाजता तिला कळ ओसरल्यानंतर ठोके १०० पर्यंत उतरलेले आढळले व ते वर यावयास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागला. पुढच्या दोन कळांनंतरही तसेच घडले. डॉक्टर तोपर्यंत येऊन पोहोचले होते. कारण त्यांना पाऊण तासापूर्वी नव्हे, तरी पंधरा मिनिटांपूर्वी वर्दी गेली होती. शस्त्रक्रियागृह सज्ज होते. जन्मलेले बाळ प्रथम रडले नाही. पण अंबू बॅगेने काही श्वास देताच त्याने टाहो फोडला.

आता याच रात्रीची दुसरी नोंद डोळ्यांसमोर आणावी. अकरापासून दीडपर्यंत प्रत्येक रकान्यात १४० हाच आकडा, एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच झोताने लिहिलेला. हा आलेख पूर्ण भरलेला आहे. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास तो निर्दोष वाटेल. परंतु जिवंत बाळाचे हृदय घड्याळाच्या लंबकासारखे एकाच आकड्यावर कधी थांबत नाही. असा आलेख प्रसूती झाल्यानंतर बसून भरलेला असण्याचीच शक्यता अधिक. तो कागद बाळाच्या उपयोगी पडलेला नसतो. फक्त फाइलीच्या उपयोगी पडलेला असतो. म्हणून पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने आलेख भरला आहे काय एवढेच न विचारता, या क्षणी कळा देत असलेल्या मातेचा आलेख पाहावा. शेवटची नोंद किती वाजताची आहे, हा एकच प्रश्न पुष्कळ काही सांगून जातो.

ठोके बिघडल्यास

ठोके ऐकणे ही साखळीतील पहिली कडी आहे. पुढच्या कड्या नसतील तर ऐकूनही उपयोग नाही. ठोके बिघडल्याचे आढळताच मातेला डाव्या कुशीवर वळवावे. उताणे झोपल्याने भरलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो व वारेकडील रक्तप्रवाह घटतो. कूस बदलल्याने काही वेळा ठोके लगेच सुधारतात. ऑक्सिटोसिनची ठिबक चालू असल्यास ती बंद करावी. मातेचा रक्तदाब, नाडी व ताप पाहावा. आतून तपासणी करून नाळ खाली सरकलेली नाही याची खात्री करावी. या सर्व गोष्टी करीत असतानाच डॉक्टरांना बोलवावे. त्या आटोपेपर्यंत थांबू नये.

सुधारणा न झाल्यास निर्णय घ्यावा लागतो. बाळाचे डोके पुरेसे खाली आले असेल तर व्हॅक्यूम किंवा चिमट्याच्या साहाय्याने, अन्यथा शस्त्रक्रियेने, प्रसूती करावी लागते. निकडीच्या सिझेरियनसाठी निर्णयापासून बाळ बाहेर येईपर्यंत ३० मिनिटांचा अवधी हे सर्वमान्य उद्दिष्ट आहे. शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या केंद्रातून मातेला पुढे पाठवावयाचे असेल तर प्रवासाचा वेळ यात धरावा लागतो. दापोडीतून पिंपरीला जाण्यास मध्यरात्री लागणारा वेळ आणि सायंकाळी पाळी सुटताना लागणारा वेळ यांत मोठा फरक आहे. भोर किंवा जुन्नरच्या डोंगरी भागात तर हे अंतर तासांत मोजावे लागते. म्हणूनच जेथे शस्त्रक्रिया दूर, तेथे ठोक्यांकडे अधिक बारीक लक्ष हवे. पाठविण्यापूर्वी पुढील रुग्णालयास दूरध्वनी करणे, आलेखाची प्रत सोबत देणे आणि प्रशिक्षित व्यक्ती बरोबर पाठविणे या तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

बाळ जन्मल्यानंतरचे पहिले मिनिट हे शेवटची कडी होय. बाळ रडले नाही तर त्याला कोरडे करून, पाठ चोळून, आवश्यक वाटल्यास त्या मिनिटातच बॅग व मास्क यांच्या साहाय्याने श्वास द्यावा लागतो. २००९ मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमातून हजारो परिचारिकांना हे कौशल्य शिकविण्यात आले आहे. ठोके बिघडल्याची पूर्वसूचना असेल तर हे साहित्य हाताशी ठेवता येते.

यंत्राचे स्थान

प्रत्येक प्रसूतिगृहात अखंड नोंद करणारे यंत्र बसविले म्हणजे हा प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. या समजुतीची कसोटी शास्त्राने घेतलेली आहे. १९८५ मध्ये आयर्लंडमधील डब्लिन येथे सुमारे १३ हजार मातांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या मातांना अखंड नोंदीचे यंत्र लावले होते. उरलेल्या निम्म्या मातांच्या बाळांचे ठोके परिचारिका ठरावीक वेळाने कानाने ऐकत होत्या. यंत्राच्या गटात नवजात बालकांना झटके येण्याचे प्रमाण सुमारे निम्मे आढळले. हा लाभ कमी लेखण्याजोगा नाही. परंतु बालमृत्यूंचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले आणि पुढे चार वर्षांनी पाहिले असता मेंदूच्या पक्षाघाताचे प्रमाणही सारखेच निघाले. अशा १३ अभ्यासांचा, ३७ हजारांहून अधिक मातांचा, एकत्रित आढावा घेतला असता हेच आढळले. शिवाय यंत्राच्या गटात सिझेरियनचे प्रमाण सुमारे १.६ पट झाल्याचे दिसून आले. कागदावरील प्रत्येक उतार संकटाचा असतोच असे नाही. पण तो पाहून भीतीपोटी शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला जातो.

ही रेषा संगणकाकडून वाचून घेण्याचाही प्रयत्न झाला. ब्रिटन व आयर्लंडमधील सुमारे ४६ हजार मातांवरील या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकाच्या इशाऱ्यांमुळे बालकांच्या स्थितीत सुधारणा झाल्याचे आढळले नाही. यंत्राने दिलेला इशारा ऐकून कोणी तरी योग्य वेळी योग्य कृती करावीच लागते, हाच त्याचा मथितार्थ.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा मुळीच नव्हे. मातेचा रक्तदाब किंवा मधुमेह, बाळाची खुंटलेली वाढ, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, पूर्वीचे सिझेरियन, हिरवट पाणी, ताप, ऑक्सिटोसिनची ठिबक अशा जोखमीच्या प्रसूतींत अखंड नोंद उपयुक्त मानली जाते. निरोगी मातेच्या स्वाभाविक प्रसूतीत मात्र ते यंत्र सरसकट लावू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. महाराष्ट्रात सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मधील २०.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २५.४ टक्क्यांवर गेले. त्यामागे अनेक कारणे आहेत. तथापि खरेदीचे प्रस्ताव मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. एक मोठे यंत्र घेताना प्रत्येक खाटेजवळ चालू स्थितीतील डॉपलर, त्याची जादा बॅटरी, जेल आणि भिंतीवर सेकंदकाटा असलेले घड्याळ आहे काय?

एक परिचारिका, तीन माता

साधनांहूनही दुर्मिळ वस्तू म्हणजे परिचारिकेचा वेळ. अर्ध्या तासाच्या नियमाचे गणित येथे मांडून पाहणे उचित ठरेल. पार्टोग्राफसाठी दर अर्ध्या तासात दहा मिनिटे पोटावर हात ठेवून कळा मोजाव्या लागतात. त्याच अवधीत ठोके व मातेची नाडी पाहता येते. म्हणजे एका मातेमागे किमान दहा मिनिटे. तीन माता असतील तर तिचा संपूर्ण अर्धा तास भरला. चौथ्या मातेसाठी मिनिटही उरत नाही. त्यांतील एकीची दुसरी अवस्था सुरू झाली, की दर पाच मिनिटांच्या नोंदीसाठी परिचारिकेला तिच्यापासून हलता येत नाही आणि इतर दोघी आपोआप नजरेआड होतात. नवीन माता दाखल करणे, औषधे देणे, नातेवाइकांना उत्तरे देणे ही कामे या हिशेबात धरलेलीच नाहीत.

तेव्हा एकसारखे १४० लिहिलेला आलेख दिसला तर केवळ परिचारिकेच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून भागणार नाही. तिच्यावर त्या रात्री किती मातांचा भार होता, हेही पाहिले पाहिजे. केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षाची रचना, मनुष्यबळ आणि काळजीचा दर्जा यांचे मूल्यमापन केले जाते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या संघटनेचा ‘मान्यता’ हा उपक्रम खासगी प्रसूतिगृहांसाठी १६ निकष ठरवितो. मूल्यमापनाच्या दिवशी दिसणारी शिस्त रविवारच्या मध्यरात्रीही टिकते काय, यावर या प्रयत्नांचे खरे यश अवलंबून राहील.

गडचिरोलीचा धडा

साधे मोजमाप सामान्य व्यक्तीकडूनही अचूक होऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच मिळतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणींना बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकविण्याचे एक साधे उपकरण तेथे तयार करण्यात आले. गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्यासही गावच्या आरोग्यदूतांना शिकविण्यात आले. ३९ गावांत झालेल्या या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये ही पद्धत आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर स्वीकारण्यात आली. तेथील कामाचा विषय जन्मानंतरच्या काळजीचा होता. परंतु त्यातून मिळणारा धडा प्रसूतिकक्षालाही लागू पडतो. मोजण्याचे काम सोपे करून द्यावे, ते करणाऱ्यावर विश्वास ठेवावा आणि मोजल्यानंतर काय करावयाचे हे तिला आधीच सांगून ठेवावे.

समाजाचा वाटा

प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेरच्या मंडळींनाही यात करण्यासारखे बरेच आहे. शेवटच्या महिन्यांत बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे, ही एक गोष्ट प्रत्येक गरोदर स्त्रीपर्यंत पोहोचली पाहिजे. शिक्षिकांनी पालक-मेळाव्यात आणि अंगणवाडी सेविकांनी माता-बैठकीत ती सांगावी. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची प्रथा आजही चालू आहे. दापोडीत तपासण्या झालेली माता प्रसूतीसाठी बीड किंवा लातूरला जाते तेव्हा तिचे माता व बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत असलेच पाहिजे. रक्तदाब वाढलेला होता, पूर्वी सिझेरियन झालेले होते, ही माहिती नसेल तर तेथील परिचारिकेला जोखीम कशी कळणार?

शासकीय रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी मातेजवळ एक सोबतीण असू द्यावी, अशा सूचना केंद्र शासनाने २०१६ मध्ये दिल्या आहेत. ही सोबतीण मातेचा हात धरून बसते, तिला पाणी देते, कूस बदलण्यास मदत करते. अर्धा तास उलटून गेला तर, “सिस्टर, बाळाचे ठोके बघता का?” असे नम्रपणे विचारण्यासही तिला कोणाची हरकत असू नये. परिचारिकेने तो आपला अवमान न समजता मदत समजावी. उलट, कळा लवकर वाढाव्यात म्हणून इंजेक्शन देण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. ते केव्हा द्यावयाचे हे ठरविणे डॉक्टरांचे काम आहे.

पंचायत सदस्य आणि नगरसेवक यांनी आपल्या भागातील आरोग्य केंद्रास भेट देताना रंगरंगोटी आणि फलक यांच्यापलीकडे पाहावे. रात्रपाळीला प्रसूतिकक्षात किती परिचारिका असतात, डॉपलर चालू आहे काय, रुग्णवाहिका किती वेळात येते, जवळच्या शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ रात्री उपलब्ध असतो काय, हे प्रश्न त्यांनी विचारावेत. मृतावस्थेत जन्मलेल्या बाळाची नोंदही १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार करणे बंधनकारक आहे. दुःखाच्या भरात, किंवा नोंद करून काय उपयोग अशा समजुतीने, ती राहून जाते. जे मोजले जात नाही त्याच्यावर चर्चा होत नाही आणि ज्याच्यावर चर्चा होत नाही त्यात सुधारणाही होत नाही.

नवजात मृत्यूंचे आणि मृतजन्मांचे प्रमाण २०३० पर्यंत दर हजारी दहाच्या आत आणण्याचे उद्दिष्ट भारताने २०१४ च्या नवजात कृती आराखड्यात ठरविले आहे. हे उद्दिष्ट दिल्लीत किंवा मुंबईत गाठले जाणार नाही. रात्रपाळीच्या कारखान्यांचे भोंगे ज्यांच्या कानी पडतात, अशा शेकडो प्रसूतिकक्षांत, एकेका मातेच्या उशाशी ते गाठले जाईल. दापोडीच्या त्या मातेचा पती सकाळी पाळी संपवून रुग्णालयात येईल, तेव्हा त्याच्या हाती काय सोपविले जाणार हे पुष्कळदा रात्री दीड वाजता कोणी ठोके ऐकले की नाही यावर ठरलेले असते. त्यासाठी लागणारी साधने आपल्याजवळ आहेत. एक मिनिट शांतपणे ऐकणारा कान, खरा आकडा लिहिणारा हात आणि त्या आकड्यावर तत्काळ धावून येणारी व्यवस्था, या तिन्ही गोष्टी प्रत्येक मातेच्या वाट्याला येतील हे पाहणे सर्वांचे कर्तव्य आहे.